शेजारच्या आजीची टोपली

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले. माझे पती साखर कारखान्यात केमिस्ट असून तीन वर्षांच्या करारावर थायलंडच्या ईशान्येकडील चैयाफूम प्रांतातल्या एका कारखान्यात रुजू झाले आहेत. मी आणि मुले जानेवारीत इथे आलो. मुलगी ९ वर्षांची आहे, मुलगा ५ वर्षांचा. कारखान्याची वसाहत गावाला लागून आहे, पण मुले कुंपणाबाहेर पडत नाहीत. मुलगी रोज ‘परत कधी जायचं?’ असे विचारते. शेजारची एक आजी बांबूच्या झाकणाच्या टोपलीतून काहीबाही आणून देते. आमच्याकडे अंडी चालतात, मांस-मासे नाहीत, त्यामुळे मी ते कामाच्या बाईंना देऊन टाकते. शेवटची टोपली तीन आठवडे माझ्याकडेच पडून आहे. मे महिन्यात शाळा सुरू होतील. गावातली सरकारी शाळा एक किलोमीटरवर आहे आणि इंग्रजी वर्ग असलेली खासगी शाळा ४५ किलोमीटरवर, प्रांताच्या मुख्य शहरात. पती म्हणतात, ‘तीन वर्षांसाठी थाई शिकून काय करायचंय?’ मुलांना इथल्या जगण्याची ओळख करून द्यावी का, आणि द्यायची तर कशी?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मला ती तीन आठवडे पडून असलेली टोपली महत्त्वाची वाटली, म्हणून सुरुवात तिथूनच करते. तिला ‘क्रातिप’ म्हणतात. ईसान भागात, म्हणजे थायलंडच्या ईशान्येकडच्या वीस प्रांतांत, रोजच्या जेवणात चिकट तांदळाचा भात असतो. तांदूळ रात्री भिजत घालतात, पहाटे ‘हुअत’ नावाच्या शंकूच्या आकाराच्या बांबूच्या टोपलीत वाफवतात, पसरून त्यातली जास्तीची वाफ घालवतात आणि मग क्रातिपमध्ये भरतात, म्हणजे तो दुपारपर्यंत मऊही राहतो आणि त्याला पाणीही सुटत नाही. तुम्ही कामाच्या बाईंना दिलेल्या टोपल्यांपैकी काहींत बहुधा हा नुसता भातच असावा. ‘खाओ निआओ’ म्हणतात त्याला, आणि त्यात मीठसुद्धा नसते. उजव्या हाताने लिंबाएवढा गोळा तोडायचा, बोटांनी दाबायचा आणि कशाला तरी लावून खायचा, ही त्याची रीत आहे. तुमच्या घरी शेंगदाण्याची चटणी असणारच. मुलाच्या हातात एक गोळा द्या आणि चटणीची वाटी पुढे ठेवा. ईसानचे अन्न आणि सांगलीचे अन्न एकाच घासात बसते, हे त्याला सांगावे लागणार नाही.

आता थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नका. तुम्ही मुलांविषयी विचारले आहे, पण पत्र वाचताना कुंपणाच्या आत सर्वांत घट्ट बसलेली व्यक्ती मला तुम्हीच दिसलात. पाच आणि नऊ वर्षांची मुले नव्या गावात आपापली शिरत नाहीत. आई ज्या घरांत जाते, त्या घरांच्या अंगणापर्यंत ती पोचतात आणि तिथून पुढचा रस्ता त्यांचा ती शोधतात. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते आहे. माझी पाच वर्षे तुमच्या शेजारच्या खोन केन प्रांतात गेली. मुलगा सहा वर्षांचा होता आणि मी त्याला रोज घरचा डबा देत असे, भाजी-पोळी, लोणचे, सगळे साग्रसंगीत. चार महिन्यांनी शाळेत गेले तेव्हा दिसले की बाकीची पोरे लांब बाकांवर दाटीवाटीने बसून एकमेकांच्या ताटात हात घालत होती आणि माझा मुलगा पायरीवर एकटा बसून डबा खात होता. कुणी त्याला उठवले नव्हते. डब्यामुळेच तो वेगळा बसला होता. दुसऱ्या दिवसापासून मी डबा बंद केला आणि त्याच्या बाईंशी जेवणाबद्दल बोलायला गेले. ते बोलणे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते.

म्हणून पहिले काम: टोपली परत करा, आणि रिकामी करू नका. शेजारणीचे भांडे रिकामे पाठवायचे नाही हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. नेमकी तीच रीत इथे उपयोगाला येईल. शेंगदाणे आणि उसाचा गूळ दोन्ही तुमच्या बाजारात मिळतात, तेव्हा लाडू करा. लाडू मुलांच्या हातून द्या आणि देताना तिला ‘याय’ म्हणा. याय म्हणजे आईची आई, पण त्या वयाच्या कोणत्याही स्त्रीला गावात असेच संबोधतात. थाई माणसाला समोरच्याशी बोलण्याआधी त्याचे वय आणि नाते ठरवावे लागते: वयाने मोठे ते ‘फी’, लहान ते ‘नोंग’, आईवडिलांपेक्षा मोठा पुरुष ‘लुंग’, स्त्री ‘पा’, आईचे धाकटे भावंड ‘ना’. ज्या मुलांना मामा-काका आणि आत्या-मावशी यांतला फरक जन्मापासून ठाऊक आहे, त्यांना हे एका दुपारी जमते. इंग्रजी ‘अंकल-आंटी’वर वाढलेल्या मुलांना तेवढे सोपे जात नाही. तुम्हालाही लवकरच नाव मिळेल. ‘मे’ म्हणजे आई, आणि मे-च्या पुढे मुलीचे नाव, म्हणजे आपल्याकडच्या ‘अमकीची आई’सारखेच. मुलांची नावे मात्र गाव छोटी करून टाकेल, कारण इथे प्रत्येकाला अधिकृत नावाखेरीज एक-दोन अक्षरांचे हाकेचे नाव असतेच. ते नाव ‘याय’ला ठेवू द्या. आपण ठेवलेल्या नावाच्या पोराला कुणी परके मानत नाही.

भाषेबद्दल तुमच्या पतींचे म्हणणे मला पटत नाही. तीन वर्षे मोठ्यांच्या नोकरीत भुर्रकन जातात. पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने तो निम्म्याहून अधिक जन्म आहे, आणि तेवढा काळ आजूबाजूचे काहीही न कळता काढणे ही शिक्षा आहे. शिवाय मराठी मूल थाई भाषेकडे रिकाम्या हाताने जात नाही. थाई लिपीतली व्यंजने आपल्याच वर्गांच्या क्रमाने लावलेली आहेत. पहिले अक्षर ‘काय’चे, म्हणजे कोंबडीचे, आणि दुसरे ‘खाय’चे, म्हणजे अंड्याचे. क आणि ख यांतला हा फरक ऐकायला युरोपातून आलेल्यांना महिने लागतात, तुमच्या मुलीला तो पहिल्याच दिवशी ऐकू येईल. त/थ आणि प/फ यांचेही तसेच. जड जातात ते पाच सूर. ‘मा’ सपाट म्हटले तर ‘ये’, सूर वर चढवला तर ‘घोडा’ आणि खालून वर नेला तर ‘कुत्रा’. मुले हे ऐकून उचलतात, आपण चुकतो आणि सगळे हसतात. तुम्ही मुलांसमोर चुकावे हे उत्तमच, कारण आईला चुकलेले पाहिले की मुलीची जीभ सैल होईल.

वारांची नावे तर तिच्यासाठी कोड्यासारखी मांडा. रविवार ‘आथित’ म्हणजे आदित्य, सोमवार ‘चान’ म्हणजे चंद्र, बुधवार ‘फुत’, शुक्रवार ‘सुक’. मंगळवार ‘अंगखान’, आणि तो अंगारकी चतुर्थीतला अंगारक आहे हे तिला स्वतःला ओळखू द्या. तुमच्या प्रांताचे नावही ‘जयभूमी’ आहे; लिहिताना जयभूमी, म्हणताना चैयाफूम. शाळेच्या वहीवर सन लिहिताना इथे बुद्धाब्द लिहितात, तो इसवी सनापेक्षा ५४३ वर्षांनी पुढे असतो. कालनिर्णयावर शके पाहिलेल्या मुलीला त्याचे नवल वाटणार नाही, पण वजाबाकीचा सराव मात्र होईल.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. याय घरात जी भाषा बोलते ती शाळेतली थाई नसेल. ती ईसानची लाओ बोली असेल. ‘नाही’साठी शाळेत ‘माय’ म्हणतात आणि यायच्या अंगणात ‘बॉ’. मुलगा दोन्ही मिसळून बोलेल. जळगावकडच्या घरात अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी असे आपल्याकडेही चालतेच. बँकॉकच्या तोंडी ईसानच्या बोलीची आणि माणसांची टिंगल पुष्कळ होत आली आहे, तेव्हा घरात चुकूनही ‘हे गावंढळ बोलणे’ असा शेरा मारू नका. मुले तो शब्द पकडतात आणि नेमका नको त्या ठिकाणी वापरतात.

शाळेचा प्रश्न तुम्ही दोन शाळांमधला समजता, पण तो दोन मुलांमधलाही आहे. मुलाला गावातल्या शाळेच्या बालवर्गात, म्हणजे ‘अनुबान’मध्ये घाला, त्यात फार विचार करण्यासारखे काही नाही. तिथे गाणी असतात, शाळेत मिळणारे दूध असते, जेवणानंतर सगळी पोरे रांगेने दात घासतात आणि मग गाद्या टाकून झोपतात. मुलीचे प्रकरण नाजूक आहे, कारण तिच्या वयाची मुले तिसरी-चौथीत सलग थाई वाचतात आणि ती पहिल्या दिवशी निरक्षर असेल. हुशार मुलीला हे फार लागते. तरीही रोज ९० किलोमीटर व्हॅनचा प्रवास मी तिच्या माथी मारणार नाही. थायलंडचे रस्ते अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहेत आणि एवढ्या प्रवासानंतर संध्याकाळी तिच्याकडे खेळायला ना वेळ उरेल ना गावातली मैत्रीण. माझा सल्ला असा की पहिले सत्र तिलाही गावातल्या शाळेत घाला, हवे तर एक इयत्ता खाली, आणि ‘या सत्रात गुण पाहायचे नाहीत’ असे तिला शब्द देऊन सांगा. सत्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालते. ऑक्टोबरच्या सुट्टीत तिच्याशीच बसून पुढचे ठरवा. मराठी आणि गणित घरी रोज तासभर होऊ द्या; बालभारतीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, तेव्हा परतल्यावर ती अगदीच कोरी राहणार नाही. थायलंडमध्ये परदेशी मुलांनाही सरकारी शाळेत घेतात. पारपत्र, जन्मदाखला आणि त्याचे थाई भाषांतर घेऊन एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना भेटा.

शाळेची काही दृश्ये तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती दचकणार नाही. सकाळी ८ वाजता झेंडा चढतो, राष्ट्रगीत होते आणि सगळे स्तब्ध उभे राहतात. संध्याकाळी ६ वाजताही बाजारात, स्थानकावर राष्ट्रगीत लागले की लोक थांबतात. वर्गात शिरताना बूट बाहेर काढायचे असतात. वर्ग मुलेच झाडतात, ठरवून दिलेल्या वारी, आणि त्या पाळीला ‘वेन’ म्हणतात. आठवड्यातून एकदा स्काउटचा गणवेश असतो. आणि सत्राच्या सुरुवातीला, बहुधा जूनमध्ये, ‘वाय ख्रू’ म्हणजे गुरुवंदना होते. ती गुरुवारी करतात, कारण थाई गुरुवार हा ‘फारुहात’चा, म्हणजे बृहस्पतीचा वार. त्या दिवशीच्या तबकात मुले जे घेऊन जातात ते पाहून तुमचे डोळे भरून येतील: वांग्याची फुले, इक्झोऱ्याची फुले, भाताच्या लाह्या आणि ‘या फ्रेक’ नावाचे गवत. ते गवत म्हणजे आपल्या दूर्वा. आदल्या संध्याकाळी मुलीला वर्गमैत्रिणींबरोबर दूर्वा खुडायला पाठवा. गणपतीसाठी खुडलेल्या असतील तर त्या कामात तिचा हात त्यांच्यापेक्षा चपळ चालेल, आणि निदान एका गोष्टीत वर्गात पहिली आल्याचे सुख तिला मिळेल.

तिच्या वर्गातली बरीच मुले आजी-आजोबांजवळ राहणारी असतील. ईसानमधले तरुण आईबाप बँकॉकला किंवा पूर्वेकडच्या कारखान्यांत कामाला असतात आणि पैसे पाठवतात. मुले ‘ता’ आणि ‘याय’च्या हाती वाढतात. हे मुलीला आधी सांगा, नाहीतर ती निरागसपणे ‘तुझी आई कुठे आहे?’ असे विचारत सुटेल. शेजारच्या यायचीही तशीच नातवंडे असण्याचा संभव आहे, आणि तुमच्या मुलांना ती जे आणून देते त्यात तिचे थोडे एकटेपणही असावे.

जेवणाबद्दल तुम्ही दोघांनी आधी आपसात ठरवा आणि मगच मुलांना सांगा. शाकाहार टिकवायचा तर शब्द नीट निवडावा लागतो. ‘मी नुअ खात नाही’ असे म्हटले तर लोक त्याचा अर्थ गोमांस असा घेतात आणि प्रेमाने डुकराचे मांस वाढतात. त्यापेक्षा ‘किन मांगसाविरात’ म्हणा. हा शब्द ‘मांसविरती’च आहे. अंडी चालतात हेही जोडून सांगा: ‘किन खाय दाय’. ‘जे’ हा दुसरा शब्द चिनी परंपरेचा आहे, त्यात अंडी, कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. एवढे करूनही माशाच्या अर्काचा ‘नाम प्ला’ भाजीत पडतोच, जसे आपल्याकडे मीठ पडते. तो कुठवर चालवून घ्यायचा ही तुमची मर्यादा तुम्ही ठरवायची. मी पहिल्या वर्षानंतर दुसऱ्यांच्या घरी तो विचारणे सोडून दिले, हे प्रामाणिकपणे सांगते. पपईचे ‘सोम तम’ मात्र समोर कुटून घेता येते, तेव्हा सुकी कोळंबी आणि आंबवलेला मासा, ‘प्ला रा’, नको म्हणून सांगा आणि कुटायला मुलांना बसवा. मातीच्या उखळीत लाकडी मुसळ आपटण्याचा तो आवाज त्यांना आवडेल. तळलेले नाकतोडे आणि रेशमाच्या अळ्या पाहून मुलाने ‘ई’ म्हणू नये, एवढे त्याला शिकवा. खाल्ले पाहिजे असे कुणीच म्हणत नाही. तुमच्याच प्रांतातले बान ख्वाओ रेशमासाठी प्रसिद्ध आहे. कोशातून धागा काढल्यावर उरलेली अळी वाया का घालवायची, हा त्यामागचा साधा हिशेब मुलीला कळण्याजोगा आहे.

रीतीरिवाजांची लांबलचक यादी देत नाही, कारण बरेच तुमच्या घरचेच आहे: पाय देवाकडे किंवा माणसाकडे करायचे नाहीत, मोठ्यांसमोरून वाकून जायचे. वेगळे तेवढे सांगते. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लाडानेसुद्धा. भिक्षूंना मुलीने आणि तुम्ही स्पर्श करायचा नाही. जमिनीवर घरंगळणारे नाणे पायाने अडवायचे नाही, कारण त्यावर राजाची मुद्रा असते. पहाटे भिक्षू गल्लीतून जातात तेव्हा याय त्यांच्या पात्रात चिकट भाताचा गोळा घालते. मुलांना एकदा तिच्याशेजारी बसवा.

भीती कशाची बाळगायची, हेही सांगते. सापांची आपल्याला वाटते तितकी नाही, पाण्याची आहे. थायलंडमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडून मरणे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि मार्च ते मे ही उन्हाळी सुट्टी त्यात सर्वांत वाईट. शेततळी जवळच असतात, काठ निसरडे असतात आणि पोरे एकमेकांना वाचवायला उडी मारतात. शाळेआधी पोहणे शिकवा आणि मोठे माणूस बरोबर नसताना तळ्यावर जाण्यास सक्त मनाई ठेवा. दुसरी मनाई मोटारसायकलची: गावातली बारा-तेरा वर्षांची मुले ती सर्रास चालवतात आणि मागे तिघांना बसवतात. तुमचे मूल हेल्मेटशिवाय कुणाच्याही मागे बसणार नाही, हे ‘याय’लाही सांगून ठेवा, म्हणजे तीच पोरांना ओरडेल. कुत्रा चावला तर जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यायची. तापाबाबत पावसाळ्यात डेंग्यूचा संशय आधी घ्यावा. घरोघरच्या ‘ओंग’ नावाच्या रांजणांत डास होतात आणि गावातल्या आरोग्य स्वयंसेविका त्यात औषध टाकायला येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, त्यांची ओळख करून घ्या, कारण रात्री मूल फणफणले तर तुमच्या हाकेला पहिल्यांदा त्याच येतील. तातडीच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९ आहे. आणि डिसेंबर ते मार्च या गाळपाच्या दिवसांत ऊस पेटवून तोडतात तेव्हा जी काजळी उडते, तिला इथले लोक ‘काळा बर्फ’ म्हणतात. हवेची मोजमापे ‘एअरफोरथाय’ या सरकारी ॲपवर दिसतात. आकडा वाईट असेल त्या दिवशी मुलांना घरात ठेवा, आणि ‘ही काजळी बाबांच्या कारखान्यातली का?’ असे मुलीने विचारलेच तर खरे उत्तर द्या.

जुलैच्या सुमारास एक रविवार राखून ठेवा आणि पा हिन ङाम राष्ट्रीय उद्यानात जा. तिथे जून ते ऑगस्टदरम्यान ‘क्राचिआओ’ची गुलाबी-जांभळी फुले माळभर उभी असतात. ते हळदीच्या कुळातले झाड आहे. चांदोलीच्या बाजूला पावसात रानहळद पाहिली असेल तर मुलांना त्याची पाने ओळखू येतील.

पण त्याआधी एप्रिल आहे. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे आपल्या ‘संक्रांती’चाच शब्द, सूर्य मेष राशीत जातो त्याचा सण. बाहेर तीन दिवस पाण्याची पिचकारी-बादली चालते आणि मुले त्यात आपोआप ओढली जातील, त्याची काळजी नको. बँकॉकहून गाड्या भरून आईबाप येतील, गाव दुप्पट होईल आणि बंद घरांना जाग येईल. १३ तारखेच्या सकाळी, गोंगाट सुरू होण्याआधी, मुलांना स्वच्छ कपडे घाला, वाटीत पाणी घेऊन त्यात मोगऱ्याची फुले टाका आणि तिघे यायच्या घरी जा. ती जमिनीवर किंवा बाजेवर बसेल आणि दोन्ही हात जोडून पुढे धरेल. मुलांनी एकेकाने तिच्या तळव्यांवर ते पाणी हळू ओतायचे. ती पुटपुटत आशीर्वाद देईल. त्यातला एक शब्दही तुम्हाला कळला नाही तरी चालेल. कदाचित ती मुलांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधेल. तो निदान तीन दिवस तोडायचा नसतो, आणि तोवर गावातला प्रत्येक जण तो पाहून कुणी बांधला म्हणून मुलांना विचारेल. ‘याय’ एवढे उत्तर मुलांना येतेच. लाडवांची टोपली मात्र सोंगक्रानपर्यंत थांबवू नका; ती याच आठवड्यात जाऊ द्या.